अर्धी बांधलेली रेल्वे दाखवताना

मॉडेल रेल्वेच्या छंदात काम संपले असे कधी होत नाही. रूळ टाकून झाले की जमीन राहते, जमीन झाली की इमारती राहतात, इमारती उभ्या राहिल्या की त्यांच्यावरचे ऊन-पावसाचे डाग राहतात, आणि तोवर पहिले रूळ पुसायची वेळ आलेली असते. त्यामुळे ‘पूर्ण झाली की दाखवीन’ असे जो ठरवतो, त्याची रेल्वे बहुधा कोणालाच दिसत नाही. असे अनेकांच्या बाबतीत पाहिल्यामुळे माझ्या मालधक्क्याची छोटी मांडणी सुरू करतानाच मी ठरवले, की प्रत्येक टप्पा जसा असेल तसा, उघड्या तारा आणि कोरे प्लायवूड यांच्यासह, हाच छंद जपणाऱ्या स्नेह्यांपुढे ठेवायचा, त्यावर मोकळेपणाने बोलायचे आणि त्यांच्या कामाकडेही तेवढ्याच बारकाईने पाहायचे. आज मांडणी निम्म्याहून थोडी अधिक झाली आहे. तिच्यात जे काही चांगले उतरले आहे, त्याचा मोठा भाग या दाखवण्यातून आला, असे माझे मत झाले आहे, आणि तो प्रवास येथे सविस्तर सांगत आहे.

मी एचओ हे प्रमाण निवडले. यात प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाएवढी असते आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. खऱ्या रेल्वेच्या १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या प्रमाणित अंतराला, ८७ ने भागले की हाच आकडा येतो. याहून लहान अशा एन प्रमाणात हे अंतर ९ मिलिमीटर आणि झेड प्रमाणात तर केवळ ६.५ मिलिमीटर असते. हाताशी असलेली जागा आणि डोळ्यांची ताकद यांवर ही निवड अवलंबून असतेच. पण माझ्यापुढे आणखी एक कारण होते, ते म्हणजे स्नेह्यांपैकी बहुतेकांची इंजिने आणि वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, एचओमधल्याच होत्या. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर धावली पाहिजे, ही इच्छा या छंदाइतकीच जुनी आहे. १८९१ मध्ये मेर्कलिन या जर्मन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांची मालिका मांडली आणि खेळण्यातल्या आगगाड्यांना निश्चित मापे मिळू लागली. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली, तीही मुख्यतः वेगवेगळ्या उत्पादकांचे रूळ आणि चाके एकमेकांशी जुळावीत या गरजेतून. आज चाकाच्या कडेचा आकार कसा असावा, सांध्यात किती फट असावी, हे आपण तयार माल घेताना विचारतही नाही, कारण कोणीतरी एकत्र बसून ते ठरवून ठेवले आहे. एकमेकांना दाखवणे आणि एकमेकांशी जुळवून घेणे यावरच हा छंद उभा आहे.

प्रमाण ठरले की गणित समोर येते आणि ते फार सूट देत नाही. मूळ रेल्वेचा एक किलोमीटर एचओमध्ये साडेअकरा मीटर होतो. २३ मीटर लांबीचा प्रवासी डबा साधारण २६ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे पंधरा डब्यांची गाडी चार मीटरच्या आसपास जाते आणि तिला साजेसा फलाटही तेवढाच लांब लागतो. ३०० मीटर त्रिज्येचे वळण येथे जवळजवळ साडेतीन मीटर त्रिज्या मागते. घरातल्या मांडणीत मात्र पुष्कळदा ६० सेंटिमीटरच्या त्रिज्येवर भागवावे लागते, आणि ती मूळ मापात जेमतेम ५२ मीटर भरते. लांब गाडी गोल गोल फिरवण्याचा आनंद मी नाकारत नाही, परंतु माझ्या जागेत ती गाडी स्वतःच्याच शेपटाचा पाठलाग करताना दिसली असती. म्हणून मी धावण्याऐवजी शंटिंग, म्हणजे इंजिनाने डबे पुढे-मागे करून हव्या त्या क्रमाने जुळवणे, निवडले.

त्यासाठी ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलकारांनी रूढ केलेली ‘इंगलनूक सायडिंग्ज’ ही रचना घेतली. तिच्यात दोन सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागा, आणि तीन मार्ग असतात. एका मार्गावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन, आणि पुढच्या शंटिंगच्या टोकाला इंजिनासह तीन वाघिणी उभ्या राहू शकतात. एकूण आठ वाघिणी घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या पाचांची गाडी पाचच्या मार्गावर जुळवायची. एवढ्याशा रचनेत ६,७२० वेगवेगळ्या गाड्या संभवतात. जागा कमी, रूळ थोडे, पण डोक्याला खाद्य भरपूर, आणि मुख्य म्हणजे पाहणाऱ्याला दोन मिनिटांत नियम समजतात. जी मांडणी दुसऱ्याला समजावून सांगता येते तीच त्याच्या हाती देता येते, आणि मला ती दुसऱ्यांच्या हाती द्यायची होती.

पहिल्यांदा दाखवला तो कागद. सांध्यांचे पूर्ण मापाचे छापील आराखडे चिकटवून मी सगळी मांडणी मूळ आकारात कागदावर काढली, तो कागद टेबलावर पसरला आणि स्नेह्यांना बोलावले. प्रत्येकाने आपल्या दोन-तीन वाघिणी आणल्या होत्या. आम्ही त्या कागदी रेषांवरून बोटांनी ढकलत शंटिंग करून पाहिले. तास-दीड तास चाललेल्या त्या बैठकीत एकाने विचारले, की वाघीण सोडताना कपलर, म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा, जिथे सुटणार आहे, तिथे हात किंवा काडी पोहोचणार कशी. मागच्या मार्गावर गोदामाची इमारत उभी राहिली तर समोरून काही दिसणारच नाही. दुसऱ्याने शंटिंगच्या टोकाला आपले थोडे लांब इंजिन ठेवून दाखवले आणि त्याच्यासोबत तीन वाघिणी सांध्यापलीकडे बसत नाहीत हे सर्वांनी पाहिले. मी टोकाची लांबी बारा सेंटिमीटरने वाढवली आणि गोदाम मागच्या भिंतीला टेकवून त्याची केवळ दर्शनी बाजू उभारायचे ठरवले. पेन्सिलीची रेघ खोडायला काहीच लागत नाही, चिकटवलेला रूळ उपटायला मात्र जिवावर येते. म्हणून दाखवण्याची सुरुवात कागदापासून व्हावी असे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

सांगाड्याच्या कामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हलकी लाकडी चौकट, वर प्लायवूड, त्यावर आवाज शोषण्यासाठी कॉर्कचा पातळ थर, आणि खाली तारा ओढण्यासाठी भोके. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते, म्हणून चौकटीला सर्व बाजूंनी सीलर लावणे तेवढे महत्त्वाचे.

रूळ टाकणे हा मात्र निराळाच विषय आहे. लवचीक रुळांचे तुकडे मापाने कापायचे, कापलेली टोके कानशीने सपाट करायची, दोन तुकडे जोडणारी सांधपट्टी सरकवताना टोकाच्या स्लीपरवरच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्टीवरच्या, पकडी काढून टाकायच्या आणि तापमानाने धातू वाढेल म्हणून मधूनमधून कागदाएवढी फट ठेवायची. सांधपट्टीवर वीज वाहून नेण्याचा भरवसा ठेवता येत नाही; काही काळाने तिच्यात गंज आणि धूळ शिरते. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार डाख देऊन जोडावी लागते. सांध्यात जिथे दोन रूळ टोकाशी मिळतात तो फ्रॉगचा भाग इंजिन ज्या बाजूला जाणार त्यानुसार वेगळ्या ध्रुवाचा व्हावा लागतो. तो प्लास्टिकचा, म्हणजे निर्जीव ठेवला, तर शंटिंगचे आखूड इंजिन हळू जाताना नेमके तिथेच अडते. मी फ्रॉग धातूचे घेतले आणि सांधा ओढणाऱ्या दांडीलाच एक सरकता स्विच जोडला, म्हणजे सांधा फिरला की फ्रॉगचा ध्रुवही आपोआप बदलतो.

या टप्प्यावर मी छायाचित्रे पाठवायला लागलो आणि छायाचित्र कसे घ्यावे हे शिकलो. उभ्याने, वरून घेतलेल्या छायाचित्रात सगळे सरळ आणि सुबक दिसते. मोबाइल उलटा धरून त्याची भिंग असलेली कड रुळांना जवळजवळ टेकवली आणि रुळांच्या लांबीच्या दिशेने पाहिले, की एका मिलिमीटरचा बाकसुद्धा नागमोडी वळणासारखा उठून दिसतो. एचओमध्ये उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची दोन सेंटिमीटरहूनही थोडी कमी भरते. भिंग त्या उंचीवर आले म्हणजे आपण त्या छोट्या जगातल्या फलाटावर उभे राहून पाहतो. तेव्हापासून मी प्रत्येक टप्प्यावर ठरलेल्या तीन जागांवरून, त्याच उंचीवरून छायाचित्र घेतो. जागा न बदलल्यामुळे दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की काय बदलले हे सांगावे लागत नाही, आणि पाहणाराही ‘छान’ एवढेच म्हणून थांबत नाही. त्याची नजर आपोआप फरक शोधू लागते आणि मग प्रश्न येतात.

प्रश्न येणे हीच माझ्या लेखी खरी दाद आहे. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द ऐकायला गोड लागतात आणि त्यांनी हुरूपही येतो. पण ‘त्या स्लीपरना हा करडा रंग कसा आला?’ असे कोणी विचारले, की आपण काय केले हे आपल्याला नीट आठवावे लागते, शब्दांत मांडावे लागते, आणि मांडताना ते आपल्यालाच पुरते समजते. म्हणून मी एक वही ठेवली आहे. तिच्यात रंगाचे मिश्रण, गोंदाचे प्रमाण, तारेची जाडी, कोणत्या दिवशी काय वाळायला ठेवले, अशा नोंदी आहेत. उत्साह बोलून दाखवता येतो, पण तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो तो या नोंदींमुळे.

पहिल्यांदा इंजिन चालले त्या संध्याकाळी सगळे आले होते. मांडणी डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीची आहे, म्हणजे रुळांतून सतत पूर्ण व्होल्टेज वाहते आणि त्यातूनच सांकेतिक आज्ञा जातात; प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा ओळखून मोटार फिरवतो. या पद्धतीचे मूळ जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामात आहे आणि वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेने १९९० च्या दशकात तिला सामायिक मानकाचे रूप दिले, म्हणून एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकावर चालतो. त्या संध्याकाळी पाहुण्यांची इंजिने त्यांच्या त्यांच्या क्रमांकांसह माझ्या रुळांवर चढली आणि लगेच चालू लागली, हे पाहताना या मानकाचे मोल मला नव्याने कळले.

चालण्यापेक्षा हळू चालणे अवघड असते. शंटिंग करणारे खरे इंजिन ताशी १० किलोमीटरने सरकत असेल, तर एचओमध्ये ते सेकंदाला साधारण ३.२ सेंटिमीटर जायला हवे, म्हणजे एक मीटर अंतराला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ. आम्ही रुळांशेजारी मीटरपट्टी ठेवली, घड्याळ लावले आणि एकेक इंजिन तपासले. डिकोडरमध्ये सीव्ही नावाचे, आकडे साठवणारे क्रमांकित कप्पे असतात; त्यांतल्या दुसऱ्या सीव्हीमध्ये मोटार सुरू होण्यापुरते व्होल्टेज, तिसऱ्यात वेग घेण्याचा काळ आणि चौथ्यात थांबण्याचा काळ बसवायचा असतो. हे आकडे पुस्तिका वाचून जुळत नाहीत, कारण एकाच साच्यातल्या दोन मोटारीही सारख्या वागत नाहीत. एका स्नेह्याच्या हाताला याची फार बारीक जाण आहे; तो इंजिनावर बोट अलगद टेकवून मोटारीची थरथर पाहतो आणि एक-दोन आकड्यांच्या फरकाने ते स्थिर करतो. त्याने माझे इंजिन असे लावून दिले, की चाकांच्या आऱ्या मोजता याव्यात इतक्या सावकाश ते पहिल्या वाघिणीला जाऊन भिडले आणि ती अर्धा मिलिमीटरही मागे न ढकलता कपलर लागला. खोलीत सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

त्याच बैठकीतून वजनाचा विषय निघाला. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या वाघिणी एका गाडीत जोडल्या, की हलकी वाघीण जड वाघिणींच्या मध्ये सापडून मागे ढकलताना उचलली जाते. यासाठीही एक रूढ शिफारस आहे: एचओमध्ये एका औंसाच्या मूळ वजनात लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस मिळवायचा. पाच इंची वाघीण या हिशोबाने शंभर ग्रॅमच्या जवळ जाते. आम्ही छोटा तराजू आणून सगळ्या वाघिणी तोलल्या आणि ज्या हलक्या निघाल्या त्यांच्या आत, तळाला, शिशाऐवजी पोलादी नट बसवले. वजन जितके खाली तितकी वाघीण स्थिर, म्हणून नट छताला नव्हे तर तळालाच चिकटवायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि एकट्याने ते माझ्याकडून लवकर झाले नसते. पाच-सहा जण मिळून बोलत बोलत केले तेव्हा ते एका बैठकीत उरकले आणि त्यानंतर मागे ढकलताना वाघीण घसरण्याचे प्रकार जवळजवळ थांबले.

ज्या कामाविषयी मला सर्वांत अधिक विचारले जाते ते खडी भरण्याचे आहे, म्हणून ते थोडे जवळून सांगतो. रुळांखालच्या खऱ्या खडीचा तुकडा साधारण ५० मिलिमीटरचा धरला, तर त्याच्या ८७ व्या भागाचा कण अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा असला पाहिजे. बाजारी मिळणारे खडे पुष्कळदा याहून मोठे असतात आणि मग छायाचित्रात स्लीपरांमध्ये दगडगोटे पडल्यासारखे दिसते. मी दोन चाळण्या वापरतो: पहिलीतून जाड कण वरच राहतात, दुसरीतून धूळ खाली जाते, आणि मधले कण घ्यायचे. आधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवून, वरचा माथा पुसून घ्यायचा. मग छोट्या चमच्याने दोन रुळांच्या मध्ये खडी पातळ ओतायची आणि मऊ, रुंद कुंचल्याने रुळांच्या दिशेने सारत न्यायची. स्लीपरांच्या माथ्यावर थोडे कण हटकून उरतात. कुंचल्याच्या मागच्या टोकाने रुळावर हलकेच टकटक केले की ते उडून बाजूच्या खळग्यात पडतात. या टकटकीला घाई चालत नाही. एक कण रुळाच्या आतल्या कडेला चिकटून राहिला तरी चाक तिथे उसळते.

खडी बसली की तिला ओले करायचे, आणि येथेच कौशल्य आहे. कोरड्या खडीवर गोंद टाकला तर तो थेंबाचा गोळा होऊन कण स्वतःभोवती गोळा करतो आणि खड्डा पडतो. म्हणून प्रथम पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून बारीक फवारणी करायची, तीही वरच्या दिशेने, म्हणजे तुषार आपल्या भाराने खाली येतात आणि कण जागचे हलत नाहीत. खडीचा रंग गडद झाला की ती भिजली. मग एक भाग पांढरा गोंद, दोन भाग पाणी आणि भांडी धुण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब असे मिश्रण ड्रॉपरने स्लीपरांच्या मधोमध सोडायचे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि दुधाळ द्रव कणांमधून आपोआप पसरत जातो. तो पसरताना पाहणे मला अजूनही फार आवडते. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र खडी अगदी विरळ ठेवायची, त्यांच्या खालच्या आडव्या पट्टीला आधीच तेलाचा सूक्ष्म थेंब लावून ठेवायचा आणि गोंद वाळेपर्यंत मधूनमधून सांधा हलवत राहायचे. रात्रभर वाळू दिल्यावर रुळांचा माथा पुन्हा अल्कोहोलने पुसून इंजिन चालवून पाहायचे.

हा सगळा क्रम मी वहीतून उतरवून, प्रत्येक पायरीच्या छायाचित्रासह एका स्नेह्याला पाठवला. त्याने तोच क्रम आपल्या मांडणीवर वापरला आणि त्यात स्वतःची एक भर घातली: एकाच रंगाची खडी न वापरता दोन जवळच्या छटा मिसळून, मार्गाच्या मधोमध, जिथे इंजिनांतून तेल ठिबकते, तिथे काळपट कोरडा रंग कुंचल्याने घासायचा. त्याचे छायाचित्र पाहून मी माझ्या मालधक्क्याच्या मार्गावर तसेच केले, आणि तो मार्ग एकदम कित्येक वर्षे वापरातला वाटू लागला. आता ही युक्ती नेमकी कोणाची हे सांगता येणार नाही, इतकी ती हातोहात फिरून बदलली आहे.

पुढे एका स्नेह्याची लहान मुलगी मांडणी पाहायला आली. तिने रूळ, खडी, इंजिन यांपैकी कशाचेही कौतुक केले नाही. तिने एका बंद वाघिणीकडे बोट दाखवून विचारले, “काका, यात काय आहे आणि ही कुठे चाललीय?” माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि चिठ्ठ्या काढून जुळवलेल्या गाडीला उत्तर असणेही शक्य नव्हते. त्या प्रश्नामुळे आम्ही मालपत्रांची पद्धत सुरू केली, जी या छंदात बऱ्याच काळापासून रूढ आहे. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते आणि त्याच्या खिशात मालाची चिठ्ठी असते: कोणता माल, कुठून, कुठे. वाघीण मुक्कामाला पोहोचली की चिठ्ठी फिरवायची किंवा बदलायची. आता गोदामात सिमेंट येते, लाकडाच्या वखारीतून फळ्या बाहेर जातात, रिकामी टाकीवाघीण परत पाठवली जाते. रूळ तेच, सांधे तेच, वाघिणीही त्याच. पण प्रत्येक हालचालीला कारण आल्यामुळे पाहणारा अर्धा तास जागचा हलत नाही. चिठ्ठ्या त्या मुलीनेच लिहून दिल्या आहेत आणि तिच्या हट्टामुळे एका वाघिणीतून सर्कशीचा तंबू जातो.

बैठकीच्या वेळी मांडणी दुसऱ्याने चालवावी आणि मी बाजूला बसावे, असा माझा नियम आहे. मालक म्हणून मला कुठला सांधा किंचित जोराने ओढावा लागतो आणि कुठे इंजिनाला थोडा अधिक वेग द्यावा लागतो हे सवयीने ठाऊक असते, आणि हात नकळत तसे वागतो. पाहुण्याला हे ठाऊक नसते. तो जिथे थबकतो, जिथे वाकून पाहतो, जिथे वाघिणीचा क्रमांक वाचता न आल्याने डोळे बारीक करतो, ती जागा मी वहीत टिपतो. बैठक चालू असताना मध्ये बोलायचे नाही, हे पाळणे मला जड गेले, परंतु त्यातून मांडणीला जे मिळाले ते दुसऱ्या कशाने मिळाले नसते. सांध्यांच्या मुठींना रंग देऊन मार्गांशी जुळवणे, क्रमांक वाचण्यासाठी समोरच्या कडेला आडवा दिवा बसवणे, वाघिणी सोडण्याची काडी ठेवायला खाच करणे, या सगळ्या सुधारणा या टिपणांतून आल्या आहेत.

सध्या चालू असलेले काम मला सर्वांत प्रिय आहे. मांडणीचा उजवा कडेचा भाग मी आमच्या गटाने ठरवलेल्या मापाने बांधतो आहे, म्हणजे तिथून माझे रूळ दुसऱ्यांच्या रुळांना जोडता येतील. जगभर अशी मॉड्यूल पद्धत रुजली आहे. युरोपात १९८१ मध्ये सुरू झालेल्या फ्रेमो या संघटनेचे सभासद आपापल्या घरी एकेक तुकडा बांधतात आणि मोठ्या सभागृहांत ते सगळे जोडून वेळापत्रकानुसार गाड्या चालवतात. आमचा व्याप तेवढा नाही, पण तत्त्व तेच आहे. टोकाच्या फळीची उंची-रुंदी, रुळांची जमिनीपासूनची उंची, बोल्टच्या भोकांची जागा, तारांच्या जोडणीचे रंग आणि प्लग, एवढ्या बाबी सर्वांच्या सारख्या; आत काय बांधायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. टोकाची फळी नेमकी येण्यासाठी आम्ही पोलादाचा एकच साचा करून घेतला आहे आणि तो आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी जातो. भोके साच्यातूनच पाडायची, रुळांची टोके फळीच्या कडेशी सपाट कापायची आणि शेवटचे स्लीपर प्लास्टिकच्या ऐवजी तांब्याच्या थराच्या सर्किट पट्टीचे करून रूळ त्यांना डाख द्यायचे, म्हणजे ने-आण करताना टोक हलत नाही. पट्टीवरचा तांब्याचा थर मधोमध कापून दोन रूळ विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवायचे असतात. तो काप मीटर लावून तपासूनच पुढे जायचे.

मागच्या बैठकीत माझे टोक शेजारच्या मॉड्यूलला पहिल्यांदा जोडले. बोल्ट आवळले, मोबाइल उलटा धरून सांध्यातून पाहिले, दोन्हीकडच्या रुळांचे माथे एका रेषेत होते. सिमेंटची वाघीण माझ्या मालधक्क्यावरून निघाली आणि एका स्नेह्याने गेली दोन वर्षे घडवलेल्या पुलावरून पलीकडे गेली. तिचे कार्डही त्याच्याकडे गेले आहे. वाघीण अजून त्याच्या घरी आहे आणि चिठ्ठीप्रमाणे ती रिकामी होऊन पुढच्या जोडणीच्या वेळी परत यायची आहे.

उरलेल्या कामांत मागच्या उतारावरचे गवत आहे, ज्याचे तंतू स्थिर विद्युतभाराने उभे करायचे असतात, गोदामाचे छत आहे, आणि बाहेर पडण्याच्या मार्गावरचा सिग्नल आहे. सिग्नलचा विद्युत आराखडा त्या पुलाच्या कर्त्याने मला पाठवला आहे आणि त्याच्या बदल्यात खडीची पाने वहीतून नेली आहेत. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर साधारण २ व्होल्ट घेणाऱ्या एलईडीला १० मिलिअँपिअर द्यायचे तर १,००० ओहमचा रोध लागतो. पण त्याने कडेला लिहिले आहे, की एवढ्या लहान दिव्याला तो प्रकाश फार भगभगीत होतो, म्हणून ४,७०० पासून सुरुवात कर आणि खोलीचा दिवा लावून व मालवून दोन्ही वेळा पाहा. दोन्ही रोध आणून ठेवले आहेत, आणि दोन्हींची छायाचित्रे त्याच तीन जागांवरून घेऊन या आठवड्यात सर्वांना पाठवणार आहे.